रजेच्या अर्जावर ‘घरगुती काम’ लिहू नका

जळगावहून एका होणाऱ्या बाबांचं पत्र आलं आहे. ओळख लपवून आणि थोडं आवरून ते इथं देते.

“ताई, माझं वय ३१. पुण्यात एका कंपनीत सव्वापाच वर्षं नोकरी केली. बायकोला दिवस गेले तेव्हा दोघांनी ठरवलं, मूल आपल्या माणसांत वाढू द्यायचं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जळगावला ठिबकचं साहित्य विकणाऱ्या एका वितरकाकडे हिशेब आणि गोदामाच्या कामावर लागलो. तीस-पस्तीस माणसं आहेत. पगार ३० हजार, प्रोबेशन सहा महिने. पुण्याच्या कंपनीत बाप होणाऱ्याला दहा दिवस भरपगारी रजा होती. इथं असली रजा कुणी ऐकलेलीही नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास बायकोची तारीख आहे. ती अमळनेरला माहेरी आहे आणि पुण्याच्याच कंपनीचं काम घरून करते. मुलाखतीत मी हे काहीच सांगितलं नाही, ते मनाला खातं. त्यात शेठ म्हणतात, मे महिन्यात कुणी रजेचं नाव काढायचं नाही. शेजारचा मित्र भुसावळला रेल्वेत आहे, त्याला १५ दिवस मिळाले. मला कायद्यानं काही मिळतं का? नव्या नोकरीत रजा मागणं बरं दिसेल का? आई म्हणते, ‘तू तठे जाईसन काय करशी?’ बायको काही मागत नाही. पण परवा फोनवर एवढंच म्हणाली, ‘तेव्हा तुम्ही असाल ना?’”

भाऊ, पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आधी कायद्याचं सांगते, कारण तुम्ही तेच विचारलं आहे. पण त्या वाक्याकडे परत येणारच आहे.

तुमच्या मित्राला १५ दिवस मिळाले, कारण तो सरकारी नोकर आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर, पत्नीच्या बाळंतपणासाठी १५ दिवसांची भरपगारी पितृत्व रजा असते. प्रसूतीच्या आधीच्या १५ दिवसांत किंवा नंतरच्या सहा महिन्यांत ती घ्यायची, नाही घेतली तर बुडते. ही रजा त्याच्या बाकीच्या रजेतून कापलीही जात नाही. रेल्वेत तशीच सोय आहे, सरकारी बँकांतही १५ दिवस आहेत.

खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र देशात असा कायदा नाही. २०१७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातले हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर एका खासदारानं आणलेलं विधेयक, मांडलं होतं. प्रत्येक क्षेत्रातल्या बापाला १५ दिवस रजा आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय त्यात होती. त्याचा कायदा झाला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आईसाठी मातृत्व लाभ आहे, बापासाठी रजेचा एक दिवसही नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. बाळ रेल्वेतल्या माणसाचं असो की गोदामातल्या, रात्री सारखंच रडतं.

म्हणजे पुण्याच्या कंपनीतली दहा दिवसांची रजा तुम्हाला कायद्यानं नव्हे, कंपनीच्या धोरणानं मिळणार होती. नोकरी सुटली तशी तीही सुटली. म्हणून तुमच्या हाती काहीच नाही, असं मात्र समजू नका.

नेमणूकपत्र बाहेर काढा आणि रजेचं कलम नीट वाचा. कलम नसेल तरी घाबरू नका. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना आणि कार्यालयांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. तुमच्याकडे तीस-पस्तीस माणसं आहेत. त्या कायद्याप्रमाणे वर्षाला आठ दिवसांची भरपगारी किरकोळ रजा आहे आणि ती दर तिमाहीला जमा होते. जानेवारी ते मार्चच्या दोन आणि एप्रिल लागला की आणखी दोन. मधे एकही घेतली नसेल तर आखाजीपर्यंत चार दिवस तुमच्या हक्काचे होतात. प्रोबेशनवर आहात म्हणून हे दिवस कुणी नाकारू शकत नाही.

अर्जित रजेचं गणित वेगळं आहे. वर्षात २४० दिवस काम भरल्यावर दर वीस दिवसांमागे एक दिवस मिळतो. ते भरायला नऊ-दहा महिने लागतात, म्हणजे बाळंतपणाला ही रजा पुरी पडत नाही. पण पुढे मिळणाऱ्या रजेतले चार-पाच दिवस आगाऊ द्यायला कायद्याची आडकाठी नाही. ते शेठच्या मनावर आहे, म्हणून मागून बघायचे. तिसरी गोष्ट बदली सुट्टी. हंगामात रविवारी गोदाम उघडं असतं हे मला माहीत आहे. साप्ताहिक सुट्टीला काम केलं तर त्याबदली दुसरी सुट्टी मिळायला हवी. आतापासून वहीत तारखा लिहून ठेवा. तोंडी हिशेब मे महिन्याच्या धांदलीत कुणाच्याच लक्षात राहत नाही.

राहते बिनपगारी रजा. तिचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, म्हणून आकडेच मांडते. ३० हजारांना ३० नं भागलं तर दिवसाचे १,००० रुपये. काही ठिकाणी २६ नं भागतात, तेव्हा दिवसाचे साधारण १,१५४ होतात. २६ नं भागत असतील तर मधला रविवार कापायचा नसतो, कारण तो भागाकारात आधीच वगळलेला असतो. हिशेबाच्या टेबलावर तुम्हीच बसता, तरी स्वतःच्या बाबतीत आधी विचारून घ्या. आठवडाभराची बिनपगारी रजा तुम्हाला सात हजारांच्या आसपास पडेल.

हे पैसे कदाचित पुण्यात पडून असतील. सव्वापाच वर्षं सलग नोकरी झाली, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क झाला. शिल्लक अर्जित रजेचे पैसेही जुन्या कंपनीनं द्यायचे असतात. शेवटचा हिशेब मिळाला असेल तर ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे त्यात आहेत का ते तपासा, नसतील तर आजच मेल टाका. पीएफला मात्र हात लावू नका. त्याच यूएएन क्रमांकावर (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक) तो नव्या खात्यात वळवून घ्या.

पत्नीचं थोडक्यात. वर्षभरात ८० दिवस काम भरलेलं असेल तर पहिल्या बाळंतपणाला तिला २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, त्यातले आठ आठवड्यांपर्यंत ती प्रसूतीआधी घेऊ शकते. तिनं कळा येईपर्यंत लॅपटॉपसमोर बसायचं काही कारण नाही. शिवाय तिच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च आहे का, अमळनेरचा दवाखाना त्यांच्या यादीत आहे का आणि बाळाचं नाव किती दिवसांत घालायचं, हे या आठवड्यातच विचारून घ्या.

आता मागायचं कसं. मुलाखतीत सांगितलं नाही म्हणून तुम्हाला अपराधी वाटतं. भाऊ, पत्नी गरोदर आहे हे मुलाखतीत सांगणं तुमच्यावर बंधनकारक नव्हतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण आता गप्प राहिलात आणि आखाजीच्या आदल्या दिवशी फोन करून ‘येत नाही’ म्हणालात, तर शेठला ते लागेल, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. चार आठवडे आधी सांगितलं तर माणूस सोय करू शकतो.

मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या आस्थापना विभागात रजेचे अर्ज लावण्याचं काम केलं. लग्न, मयत, दहावा, शेतीची वाटणी, सगळं कारण म्हणून लिहिलेलं मी वाचलं आहे. पण मूल झालेला माणूस हटकून दोन शब्द लिहायचा, ‘घरगुती काम’. मूल झालं हे लिहायला त्यांना संकोच वाटायचा. घरगुती काम म्हटलं की साहेब म्हणायचे, दोन दिवस पुरेत. आणि कुणी आपल्याच आजारपणाचा खोटा दाखला आणून दहा दिवस मारले, की पुढे चार वर्षं त्याच्या खऱ्या तापावरही कुणी विश्वास ठेवायचं नाही. तुम्ही या दोन्ही वाटा धरू नका. कारण आहे तेच लिहा.

तुमच्या शेठचं म्हणणंही मला कळतं. आपल्याकडे बागायतदार पूर्वहंगामी कापूस मे महिन्याच्या अखेरीस ठिबकवर लावतो. त्याआधी नळ्या, फिल्टर, जोडण्या सगळ्यांना एकदमच हव्या असतात. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हिशेबाचा माणूस नसला तर दुकान अडतं. म्हणून तुम्ही एका दमात पंधरा दिवस मागू नका. दोन तुकड्यांत मागा. यात शेठची सोय आहेच, पण माझ्या मते तुमच्या बाळाच्या दृष्टीनंही तेच बरं आहे.

पहिला तुकडा बाळंतपणाचा. बहुतेक नवरे तारखेच्या चार दिवस आधी रजा टाकून दवाखान्याच्या बाकावर बसतात. पहिलटकरणीची तारीख सहज आठ दिवस पुढे जाते. रजा संपते, आणि बाळ येतं तेव्हा हा परत कामावर. तसं करू नका. कळा सुरू झाल्याचा फोन आला की निघा. अमळनेर सुरत लाइनवर आहे, जळगावहून गाडीनं तासाभराचं अंतर. रात्रीची गाडी नसेल म्हणून एका ओळखीच्या रिक्षावाल्याला किंवा जीपवाल्याला आधीच सांगून ठेवा. रजा त्या दिवसापासून मोजा. चार किरकोळ, दोन बिनपगारी आणि मधला रविवार धरून सात दिवस होतात.

हे सात दिवस महत्त्वाचे का, ते सांगते. नॉर्मल बाळंतपणात दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, सिझर झालं तर चार-पाच दिवस लागतात. बाळाची कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, आणि बाळाचं अंग पिवळं दिसतंय का हे उजेडात नेऊन बघायला घरात शांत डोक्याचं माणूस लागतं. आईला अंगावरून फार जायला लागलं किंवा ताप आला, तर ‘बाळंतिणीला होतंच असं’ म्हणून बसायचं नसतं, तेव्हाच्या तेव्हा दवाखाना गाठायचा. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येतं, तोवर ‘हिला दूधच नाही’ असं चार बायका बोलून जातात. त्या वेळी ‘डॉक्टरांनी सांगितलंय, बाळाला पाजत राहायचं’ असं नवऱ्यानं म्हटलं, की घर ऐकतं. आणि एप्रिलच्या अखेरीस आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बाळ कुठल्या खोलीत ठेवायचं, कूलरचा झोत अंगावर येतो का, बाळंतिणीला दारं-खिडक्या बंद करून शेगडी द्यायची का, यावर वाद होतील. सासूबाईंचा अनुभव मोठा आहे, त्यांना दुखवू नका. पण चाळीसच्या वर पारा असताना बंद खोलीत शेगडी नको, हे प्रेमानं सांगायला तुम्हीच हवेत.

त्याच दिवसांत जन्माच्या नोंदीचंही बघा. ती २१ दिवसांत व्हायची असते. नोंद दवाखाना करतो, पण आईबापांची नावं, आडनाव, पत्ता स्वतः वाचून बघा. चुकलेलं अक्षर पुढे शाळेत आणि पासपोर्टला नडतं.

दुसरा तुकडा जूनच्या पहिल्या आठवड्यातला. सव्वा महिना झाला की ती बाळाला घेऊन जळगावला येईल. माहेरी आई, मावशी, वहिनी हाताशी असतात, इथं चार भिंती आणि बाळ. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि आपसूक ओसरतं. पण उदासी दोन आठवड्यांच्या पुढे राहिली, झोप बाळ निजलेलं असतानाही लागेना, बाळाकडे बघवेना असं झालं, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. ते ओळखायला जवळ राहणारं माणूस लागतं. दीड महिन्याची लसही त्याच सुमारास येते, पुढे अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या. तोवर कापूस लागलेला असेल, दुकानाची घाई उतरलेली असेल आणि मे महिन्यातल्या रविवारांच्या बदली सुट्ट्या वहीत जमा असतील. त्यांत तीन-चार आगाऊ किंवा बिनपगारी दिवस मिळवा. लसींच्या दिवशी अर्धी सुट्टी पुरते.

बिनपगारी दिवस घेतल्यास प्रोबेशन तेवढं पुढे ढकलण्याची काही ठिकाणी पद्धत असते. ते आधी विचारा. ढकललं तरी आठवडाभराचा प्रश्न आहे, पण नंतर धक्का बसू नये.

शेठशी आधी समोर बसून बोला, दुकान उघडायच्या वेळी नव्हे, संध्याकाळी गल्ला बंद होताना. मग त्याच दिवशी अर्ज द्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, म्हणजे नोंद राहते. मजकूर साधाच ठेवा:

‘माझ्या पत्नीचं बाळंतपण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अपेक्षित आहे. प्रसूतीच्या दिवसापासून सात दिवसांची रजा मिळावी (चार किरकोळ, दोन बिनपगारी आणि मधला रविवार). तारीख पुढेमागे होऊ शकते, होताच फोन करीन. मे महिन्याच्या हंगामात मी पूर्ण वेळ हजर राहीन. जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्नी व बाळ जळगावला येतील, तेव्हा बदली सुट्ट्या धरून सहा दिवस मिळावेत. माझ्या गैरहजेरीत बिलांचं आणि मालाच्या आवक-जावक नोंदींचं काम कुणी बघायचं ते ठरवून त्यांना आठवडाभर आधी समजावून देईन.’

शेवटचं वाक्य गाळू नका. रजा नाकारली जाते ती बहुतेक वेळा ‘मग हे काम कोण बघणार’ या एका प्रश्नावर. त्याचं उत्तर अर्जातच असलं तर समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. तरीही शेठ नाही म्हणाले तर चार किरकोळ दिवसांवर ठाम राहा, बाकीच्यांवर घासाघीस करा. सातऐवजी पाच झाले तर पाच घ्या. आणि भरपगारी देता येतील का, हे एकदा विचाराच. त्या दुकानात हे विचारणारे तुम्ही पहिले असाल, आणि तुम्हाला दोन दिवस जरी मिळाले तरी पुढच्या वर्षी गोदामातल्या एखाद्या हमालाला ‘त्यांना दिले होते ना’ असं म्हणता येईल.

आता तुमच्या आईंचा प्रश्न. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या वेळी बाप बाराव्याला पेढे घेऊन यायचा, तेवढंच त्याचं काम होतं. माझ्याही पहिल्या बाळंतपणाला माझे यजमान तिसऱ्या दिवशी आले. चाळीसगावला माहेरी होते मी. एका दिवसाची रजा मिळाली होती त्यांना, ओसरीवर बसून चहा घेतला, बाळाला लांबूनच पाहिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मी काही बोलले नाही. त्या रात्री मात्र आईच्या कुशीत तोंड घालून रडले, आणि आईला वाटलं टाके दुखताहेत. आज चाळीस वर्षांनी तेही म्हणतात, ‘मला कुणी सांगितलंच नाही की मी थांबायला हवं होतं.’

तिथं जाऊन काय करणार, ते आईंना असं सांगा. रात्री दोनला बाळ रडलं की उचलून तिच्या कुशीत देईन, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढीन, म्हणजे सासूबाईंना सलग चार तास झोप मिळेल. लंगोट धुऊन वाळत घालीन. औषधाच्या दुकानात, नगरपालिकेत, दूध आणायला मी जाईन. भेटायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत बसवून चहा देईन, म्हणजे तिला दुपारी निजता येईल. वाटल्यास आईंनाही पाचवीला अमळनेरला घेऊन जा. नातवंडाला मांडीवर घेतल्यावर त्या हा प्रश्न परत विचारणार नाहीत.

आणि पत्नीला फोन करून ‘हो, मी असेन’ एवढं आज रात्रीच सांगा, शेठचं उत्तर यायची वाट न बघता. चार दिवस तर तुमच्या हक्काचेच आहेत.